पान उघडल्याची नोंद

मोतीरामजी कोणालाही पहिल्यांदा भेटले की नाव विचारत नाहीत, उंची विचारतात. समोरचा गोंधळून "पाच सात" म्हणाला की ते दोन पावलं मागे सरकतात, मान तिरकी करतात आणि जाहीर करतात, "पाच साडेपाच. दीड इंच बुटाचा हाये." या निकालावर अपील नसतं. एकदा कुरिअर घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी सही करण्याआधी उंची विचारली. तो बिचारा घाबरून म्हणाला, "काका, माझं लग्न झालंय." मोतीरामजी म्हणाले, "मंग भाऊगिऊ असन नं एखादा?"

मोतीरामजी आमच्या विणकर समाजाच्या मंडळात वधू-वर परिचय विभाग सांभाळतात. वय सत्तरीच्या आसपास, पांढरा सदरा, वरच्या खिशात दोन पेनं आणि एक भिंग. शेकडो लग्नं जमवलेला हा माणूस स्वतः मात्र बिनलग्नाचा आहे. त्याबद्दल त्यांना कोणी विचारत नाही. विचारलं तर ते विचारणाऱ्याची उंची कमी करतात.

त्यांची नोकरी कोराडीच्या वीजकेंद्रात झाली. तिथे ते दर तासाला मीटरचे आकडे पाहून वहीत उतरवायचे. निवृत्त झाल्यावर आकडे सुटले, पण वही सुटली नाही. मंडळाच्या टेबलावर त्यांची डायरी कायम उघडी असते. "१०.०५ पंखा सुरू केला. १०.२० चहा आला. कोमट." असल्या नोंदी मी स्वतः वाचल्या आहेत. चहावाल्याशी वाद झाला तर ते डायरी पुढे सरकवतात आणि गेल्या आठवड्यातले कोमट चहा वाचून दाखवतात.

मला ते 'सात नंबर' म्हणतात. मंडळाचं विद्यार्थी वसतिगृह त्याच आवारात आहे आणि मी तिथे सात नंबरच्या खोलीत चार वर्षं राहिलो. माझं नाव त्यांना माहीत आहे, पण ते फक्त कागदावर लिहायला वापरतात. मी भिवापूरचा. बाबांचा माग मी लहान असतानाच बंद पडला आणि ते मिरचीच्या बाजारात पोती शिवायच्या कामाला लागले. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. वसतिगृहाचा फॉर्म भरताना 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यापाशी बाबा अडले आणि म्हणाले, "काही नाही लिहा." मोतीरामजींनी वर पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी लिहिलं, "विणकर (माग सध्या बंद)." तो 'सध्या' मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून मी शिकून नागपुरातच एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो आणि मोतीरामजींचा फोन आला, "सात नंबर, तू संगणकाचाच नं गा?" तेव्हा मी नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. दर रविवारी बसून मी मंडळासाठी वधू-वर परिचयाची वेबसाइट तयार केली. नोंदणी केलेल्यांनाच आत जाता येतं, आतच फोटो दिसतात, प्रत्येकाचं एक पान.

पानांवरचा मजकूर मोतीरामजी स्वतः तपासतात. "बायोडाटा बोलला पाहिजे गा!" हे त्यांचं ब्रीद. लोक लिहून आणतात, "सालस, सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष." ते सगळ्यावर आडवी रेघ मारतात. "हे तर लग्नपत्रिकेतल्या गणपतीसारखं हाये. सगळ्यायले सारखंच. पोरगी करते काय, ते सांग." मग अर्धा तास उलटतपासणी चालते आणि पानावर येतं, "स्कूटर स्वतः दुरुस्त करते." किंवा, "हसायला लागला की थांबत नाही." एका मुलाच्या वडिलांना त्यांनी तीनदा परत पाठवलं होतं. चौथ्या वेळी ते वैतागून म्हणाले, "पोरगा दिवसभर पोहे खाते, दुसरं काही नाही करत!" मोतीरामजींनी ते तसंच टाकलं. त्या मुलाचं जमलं. मुलीकडची माणसं म्हणाली, पोरगा खरं बोलणाऱ्या घरातला दिसते.

असं दोन वर्षं सुरळीत चाललं. मग मंडळाला नवे सहसचिव मिळाले, विलासभाऊ. माणूस वाईट नाही, फक्त त्यांना सगळं पटकन लागतं. कार्यकारिणीत ते म्हणाले, "वेबसाइट पाहते कोण? आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बायोडाटे टाकून देऊ. काम खतम. साइट बंद करा."

मोतीरामजी उभे राहिले. "ग्रुपवर सकाळी फोटो टाकला तं दुपारपर्यंत शंभर शुभ प्रभातच्या खाली जाते. अन् पोरीचा फोटो एकदा ग्रुपवर गेला की कोणाच्या फोनमधून कोणाच्या फोनमध्ये गेला, हाये कोणाले पत्ता? आमच्या काही पोरी पस्तिशीच्या हायेत, कोणाची फारकत झाली हाये, कोणाच्या पायात दोष हाये. ते तर बुडूनच जातीन."

"पण पाहते कोण, ते तर सांगा," विलासभाऊ म्हणाले.

हे मात्र कोणालाच सांगता येईना. शेवटी अध्यक्षांनी ठरवलं, दोन महिन्यांनी सर्वसाधारण सभा आहे, तिथे आकडे आणा. लोक पाहत असतील तर साइट राहील, नाही तर बंद.

मोतीरामजींनी माझ्याकडे पाहिलं. "सात नंबर, मीटर बसवता येते का गा हिले?"

मी म्हटलं, "येते. अर्ध्या तासाचं काम हाये."

काम खरोखर तेवढंच होतं. साइटच्या प्रत्येक पानाला चार-पाच ओळींचा एक तुकडा जोडायचा. कोणी पान उघडलं की तो तुकडा नोंद पाठवतो. कोणतं पान, केव्हा, किती वेळ, कोणत्या गावाहून, कोणत्या यंत्रावरून. मग आपल्याला एका जागी बसून तक्ता पाहता येतो. हे सगळं समजावताना माझ्या तोंडून एक शब्द निसटला. मी म्हटलं, हा तुकडा ही नोंद 'गुपचूप' करतो.

"गुपचूप काहून?" मोतीरामजी ताठ झाले. "कोराडीले मीटर भिंतीवर होते. येणाऱ्याजाणाऱ्याले दिसत. गुपचूप मीटर कोणता असते? लोकायले विचारा पहिले."

विचारायची सूचना दाखवावी लागतेच, तेवढं मला माहीत होतं. मजकूर त्यांनी लिहिला. "सप्रेम नमस्कार. आपण कोणते पान किती वेळ पाहिले याची नोंद येथे होईल. आपले नाव आम्हांस कळणार नाही. चालेल काय?" खाली दोन बटणं, 'चालेल' आणि 'चालणार नाही'.

मला वाटलं होतं, लोक बटण दाबतील. लोकांनी फोन केले. मंडळाच्या नंबरवर दोन दिवस तेच. "हॅलो, मंडळ काय? ते चालते म्हणून सांगायले फोन केला." मोतीरामजी शांतपणे डायरीत लिहीत. "११.२० उमरेड. चालते." एक आजोबा तर उमरेडहून बस पकडून आले, दारातच छत्री आपटून म्हणाले, "चालणार नाही! माही नात पोरगा पाहून राहिली तं तुमाले कायले पाह्यजे किती वेळ पाहते?" मोतीरामजींनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि त्यांचं म्हणणं इतकं मनापासून मान्य केलं की आजोबाच ओशाळले. जाताना म्हणाले, "जाऊ द्या, चालते."

तक्ते येऊ लागले आणि मोतीरामजींना नवा छंद लागला. सकाळी मी कंपनीत पोहोचलो की फोन. "सात नंबर, काल पारडीहून कोण आलं होतं गा?" मी म्हणायचो, नाव नाही कळत. "नाव नको सांगू. उंची सांग."

त्यांचं तक्त्याशी पटलं नाही ते एकाच मुद्द्यावर. तक्ता एका फोनला एक माणूस धरतो. एके दिवशी भिवापूरहून कोणी तरी एकाच मुलीचं पान पाऊण तास उघडं ठेवलं होतं. मी म्हटलं, "फोन हातात घेऊन झोपला असन."

"झोपला?" त्यांनी भिंग खाली ठेवलं. भिवापुरात कोणाचा मुलगा लग्नाचा आहे हे त्यांना पाठ. सरळ त्या घरी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडून एक म्हातारी बोलली, "हाव, पाहून राहिलो नं बाप्पा! दहा जणायचं झालं, आता काकू पाहून राहिली. मोठा जावई अजून यायचा हाये, थो आला की दाखवतो."

मोतीरामजी माझ्याकडे वळले. "लिही. एक फोन, अकरा माणसं. तुह्या मीटरले सांग, आमच्यात पोरगी कोणी एकट्यानं पाहत नाही."

तेव्हापासून त्यांनी तक्त्याच्या छापील प्रतीवर पेनानं एक रकाना वाढवला, 'प्रत्यक्ष माणसं'. तो ते स्वतः फोन करून भरत.

मला या सगळ्यात इतकी मजा येऊ लागली की मी उत्साहात आणखी एक गोष्ट जोडली. ज्याचं पान आहे त्याला स्वतःच्या खात्यात एक आकडा दिसेल. 'आपला परिचय आजपर्यंत इतक्या वेळा पाहिला गेला.' मला वाटलं, लोक खूश होतील.

सभेला चार दिवस उरले तेव्हा मी अहवाल करायला बसलो. आकडे चांगले होते. पण एक गोष्ट पाहून मी खुर्चीतून उठलोच. साइटवर तीसेक पानं अशी होती, जी कोणी पाहत नसेल असं आम्ही धरूनच चाललो होतो. वय वाढलेल्या, फारकत झालेल्या, कोणाची काही अडचण असलेल्या माणसांची पानं. ती सगळी रोज उघडली जात होती. रोज एकदा, प्रत्येकी चार-चार मिनिटं. मला भरून आलं. समाज बदलला, असं एक वाक्य मी अहवालात लिहूनही टाकलं.

मग माझं लक्ष यंत्राच्या रकान्याकडे गेलं. त्या तीसही पानांपुढे एकच यंत्र होतं. सोमवार ते शनिवार, सकाळी दहा ते बारा. मंडळाच्या कार्यालयातला संगणक.

असं साधन बसवलं की पहिल्या दिवशी करायचं काम म्हणजे आपल्याच कार्यालयाची यंत्रं मोजणीतून वगळणं. नवख्यालाही हे शिकवतात. मी विसरलो होतो. आणि त्या एका यंत्राचा हिस्सा एकूण आकड्याच्या जवळजवळ निम्मा होता.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून मी मंडळात गेलो. मोतीरामजी संगणकासमोर बसले होते, भिंग पडद्याला जवळजवळ टेकलेलं. पडद्यावर एका बाईंचं पान होतं. वंदना, कुहीच्या शाळेत गणित शिकवते, वय छत्तीस. ते पुटपुटत वाचत होते, एकही ओळ न सोडता.

मी म्हटलं, "मोतीरामजी, ही सगळी पानं रोज तुमीच उघडता का?"

"हाव," ते म्हणाले. लपवायचं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. "तूच तर तो आकडा लावला."

मग त्यांनी सांगितलं. आकडा लागल्यावर चौथ्या दिवशी वंदनाचा फोन आला होता. "काका, चार दिवसांपासून शून्य दिसून राहिलं. शून्य पाहायले रोज काहून उघडू? माहं नाव काढून टाका."

"मी तिले म्हटलं, थांब दोन दिवस. अन् उघडलं पान." त्यांनी भिंग पुसायला घेतलं. "मंग वाटलं, एकीचंच काहून? बाकीच्यायलेही शून्यच दिसत असन नं. मीटर शून्यावर असला की लोक समजतात लाइनच बंद हाये."

"पण आकडा खोटा होते न असा."

"खोटा कसा? मी का नुसतं उघडून सोडून देतो? पूर्ण वाचतो. रोज."

मग ते उठले आणि कपाटातून एक जुनं जाड रजिस्टर काढून आणलं. साइटच्या आधी परिचय असेच लिहिलेले असत आणि लोक कार्यालयात येऊन पानं उलटवत. त्यांनी मला पानांचे खालचे कोपरे दाखवले. काही कोपरे अंगठ्यांनी काळे पडले होते, काही फाटून चिकटवलेले. "हा आमचा मीटर. जितके लोक पाहतीन तितका कोपरा मळते."

रजिस्टर चाळता चाळता मधलं एक पान आलं आणि ते थांबले नाहीत, पण मला दिसलं. 'मोतीराम', जन्मगाव, नोकरी, 'उंची : पाच फूट दोन इंच'. त्या पानाचा कोपरा नव्या वहीसारखा पांढरा होता.

"ठेवून दे," ते म्हणाले आणि रजिस्टर माझ्या हातात दिलं. मी कपाट लावून येईपर्यंत ते पुन्हा खुर्चीत बसले होते. "सभेच्या कागदातून माही गिनती काढून टाक. लोकं किती पाहतात असं विचारलं हाये. मी म्हंजे लोकं नाही."

"आकडा निम्मा होईन. साइट बंद करतीन."

"करतीन तं करतीन. तिथं बरोबरच आकडा सांगायचा." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "पण सात नंबर, कागदातून मले काढलं तरी मी पाहिलेलं त्या पोरीले दिसन नं?"

मी म्हटलं, "दिसन."

"मंग काढ."

रविवारी सभा झाली. वसतिगृहाच्या सभागृहात खुर्च्या भरल्या होत्या, कुही आणि उमरेडहून माणसं आली होती. वंदना तिसऱ्या रांगेत आईजवळ बसलेली होती. साइटवरच्या फोटोवरून मी तिला ओळखलं. मी आकडे वाचले. ते तेवढे मोठे नव्हते, पण नव्हते असंही नाही. विलासभाऊ कागद वाचत होते. ते हुशार आहेत, त्यांना तळटीप सापडली.

"हे काय लिहिलं? 'मंडळाचा संगणक वगळून.' वगळलेले किती?"

मी आकडा सांगितला. सभागृहात कुजबुज झाली.

"एवढे? इथून कोण पाहून राहिलं होतं एवढं? कोणाची पानं?"

मी मोतीरामजींकडे पाहिलं. ज्यांनी आयुष्यात कोणाला बुटाचा अर्धा इंच सोडला नाही, ते उभे राहिले आणि म्हणाले, "काही नाही गा. पानं बरोबर उघडतात की नाही, मी तपासत होतो. मशीन हाये, बिघडते." आणि बसले. असं खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्यांचे कान लाल झाले होते.

"मंग ठीक हाये, वगळलं ते बरोबर केलं," विलासभाऊ म्हणाले. "पण राहिलेला आकडा काही फार नाही. ग्रुपवर याच्या दुप्पट लोक हायेत."

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली. "काहून गा विलास, इथं हा पोरगा सांगून राहिला, कोणत्या गावाहून पाहिलं, किती वेळ पाहिलं. तुह्या ग्रुपवर माह्या नातीचा फोटो टाकशीन, तं तो कुठं कुठं गेला हे तू सांगशीन का मले?"

विलासभाऊ हसले. "नाही सांगता येत, आजी." ते प्रामाणिक आहेत, हे मी आधीच म्हणायला हवं होतं. हात वर झाले. साइट राहिली.

जेवणाच्या पंगती बसल्या. मोतीरामजी व्हरांड्यात एकटेच उभे होते, मी त्यांच्यासाठी पाण्याचा पेला घेऊन गेलो. मागून वंदना आली.

"काका, पानं तपासत होते म्हणे तुमी."

"हाव. तपासावं लागते वं."

"तुमाले खोटं बोलता येत नाही. मी गणित शिकवते. माहा आकडा सोमवार ते शनिवार एकेकानं वाढते. रविवारी नाही वाढत. बघणाऱ्या लोकायले एवढी शिस्त नसते, काका."

मोतीरामजींनी पेला दोन्ही हातांत धरला होता, पण पाणी प्यायले नाहीत. ते माझ्याकडे पाहू लागले, जणू आता मीच काही तरी सांगावं.

"राग नाही आला," ती म्हणाली. "पहिले दोन दिवस आला, मंग नाही. शाळेतून आल्यावर पाहते मी. वाढला असला की समजते, काका येऊन गेले." ती पदराशी चाळा करत थांबली. "मागच्या महिन्यात दोन दिवस वाढला नाही. बुधवार अन् गुरुवार. मंग इथं फोन केला होता मी. कोणी तरी म्हणालं, मोतीरामजीले ताप हाये, घरीच हायेत."

हे मला माहीत नव्हतं. त्या दोन दिवसांत त्यांचा सकाळचा फोन आला नव्हता आणि मीही केला नव्हता. मंडळातल्या कोणी केला असेल असंही वाटत नाही.

मोतीरामजींनी पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं. मग घसा साफ करून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "गेला आता ताप."

"हाव," वंदना म्हणाली. "शुक्रवारी आकडा वाढला, तवाच समजलं."